रोज बायबल वाचल्याने तारण होतं, की आज्ञा पाळल्याने?

तुम्ही लिहिलंय की मिसेस रोज चार अध्याय वाचतात, तुमचं म्हणणं आज्ञा पाळल्या की पुरे, आणि यावरून घरात रोज वाजतं. माझ्या मते दोघांचंही थोडं चुकतंय.

वाचनाने तारण, म्हणजे पापापासून सुटका, होत असतं, तर माझी आजी गेलीच कामातून. तिला अक्षरओळख नव्हती. भायखळ्याच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ती 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक बिनदिक्कत उलटं धरून बसायची आणि ना. वा. टिळकांची गीतं एक शब्द न चुकता म्हणायची. मराठीत नवा करार छापून आला तोच 1811 साली, तोही बंगालातल्या श्रीरामपुरात. छापखान्याच्या आधी तर बहुतेक विश्वासणारे ऐकूनच विश्वासात आले. प्रेषित पौलही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, 10:17 मध्ये, म्हणतो, विश्वास ऐकण्याने होतो.

आता तुमची बाजू. लूक 23 मधल्या वधस्तंभावरच्या ज्या चोराला येशूने सुखलोकाचं वचन दिलं, त्याने कोणती आज्ञा पाळली होती? तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. कर्मांनी नाही, हे इफिसकरांस 2:8-9 मध्ये स्वच्छ आहे. गंमत अशी की आम्ही प्रॉटेस्टंट ही दोन वचनं घडाघडा म्हणतो आणि दहाव्या वचनाला आमचा आवाज बसतो. कारण तिथे लिहिलंय की आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलंय. माझा वसईचा कॅथलिक मित्र मग याकोबाचं पत्र काढतो, कर्मांवाचून विश्वास निर्जीव! प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने 1522 साली त्या पत्राला गवताचं, म्हणजे हलकं, म्हटलं होतं. पण 1999 साली लूथरन आणि कॅथलिकांनी एकत्र मान्य केलं की देव आपल्याला कृपेनेच स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो. त्यामुळे आमचा वाद हल्ली चहापुरताच टिकतो.

मग वाचायचं कशाला? माझंच सांगतो. बायबलचे 1189 अध्याय वर्षात संपवायचे म्हणून मी रोज तीन-चार वाचायचो, डोंबिवली ते सीएसएमटी, मोबाइलवर. वाचून झालं की खूण करायची. भावाशी तेव्हा दोन वर्षं बोलणं नव्हतं. चाळ पुनर्विकासाला गेली होती आणि वडिलांची खोली कुणाच्या नावावर, हा वाद. एका सकाळी मत्तय 5 आला: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ठाणे गेलं, मी वाचलं, खूण केली, पुढचा अध्याय उघडला. पालथ्या घड्यावर पाणी! घाटकोपरला उभ्याउभ्या लक्षात आलं की आपण काय वाचलं. ती खूण मी काढून टाकली. चांगले सहा दिवस तो अध्याय तसाच राहिला, कारण फोन करायची हिंमत होईना.

ही हिंमत तरी कुठून आणायची? ती माझ्यात नव्हती, मागावी लागली. आज्ञा पाळून तारण कमवायचं म्हटलं, तर मी पाचव्या अध्यायातच नापास. पण तारण झालंय म्हणणाऱ्याने भावाला फोन करू नये, हेही जमणारं नाही.

मिसेसचे चार अध्याय बंद करू नका. एखाद्या संध्याकाळी त्यातला एकच दोघांनी मिळून वाचा, लूक 10 घ्या. तिथला शास्त्री देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करावी हे उत्तर अचूक देतो, आणि येशू त्याला म्हणतो, हेच कर.

सातव्या दिवशी मी फोन लावला. वहिनीने उचलला. खोलीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.