आयुष्यभर जपलेला मिनिएचर वॉरगेमिंगचा छंद उतारवयात कसा सांभाळायचा? की सोडून द्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय सत्तावन्न, छंद तीस वर्षांचा, वडील अंथरुणाला खिळलेले, मुलीचं लग्न तोंडावर, नजर पूर्वीची राहिली नाही आणि एक अख्खी खोली न रंगवलेल्या सैनिकांनी भरलेली. सगळं विकून मोकळं व्हावं का?

नको. पण खोलीतलं पाऊण विका.

मी पासष्ट वर्षांचा आहे. मूळचा पुण्याचा, १९८६ पासून नॉटिंगहॅमला. नोकरीसाठी आलो तेव्हा मला कल्पनाही नव्हती की या छंदाच्या थेट पंढरीत येऊन पडलोय. असे सैनिक आणि खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचं मुख्यालय इथेच. तिथले काही कारागीर बाहेर पडले आणि त्यांनी आपापल्या कंपन्या काढल्या त्याही इथेच. म्हणून खेळणारे लोक या टापूला 'लेड बेल्ट' म्हणतात, म्हणजे शिशाचा पट्टा, कारण जुने सैनिक बहुतेक शिशाचेच. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: इंचभर उंचीचे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे सैनिक आणायचे, स्वतः रंगवायचे, टेबलावर नद्या-टेकड्या मांडायच्या आणि फासे, मोजपट्टी नि नियमांचं पुस्तक घेऊन एखादी जुनी लढाई पुन्हा लढायची. बुद्धिबळासारखंच, फक्त सोंगट्या रंगवण्यातच निम्मं आयुष्य जातं.

२०२२ ला निवृत्त झालो. पहिल्याच आठवड्यात माळ्यावरचे खोके खाली काढले आणि रंगवायचे राहिलेले सैनिक मोजले. १,३४० भरले. मी संथ आहे, एका सैनिकाला दीड तास धरला. झाले २,०१० तास. आठवड्याला खरोखर किती वेळ ब्रश हातात असतो, हे आदल्या वर्षीच्या डायरीत पाहिलं तर सरासरी तीन तास. म्हणजे ६७० आठवडे, जवळजवळ तेरा वर्षं, आणि तेही मधे एकही नवा सैनिक आणायचा नाही या अटीवर. बायकोने कागद वाचला, त्या अटीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि चहा ठेवायला निघून गेली.

हा हिशोब तुम्ही आज रात्रीच करा. उद्यावर टाकलात तर होणार नाही, मी सहा वर्षं टाळला होता.

त्या कागदावरून मला पहिल्यांदा कळलं की हे सैनिक मी स्वतःसाठी घेतलेच नव्हते. चाळिशीत वेळ नव्हता पण चार पैसे खुळखुळत होते. प्रदर्शनाला गेलं की एक पिशवी घरी यायची आणि मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर रंगवू. असा कुणी एक रिटायर झालेला गृहस्थ माझ्या डोक्यात होता. त्याच्याकडे वेळच वेळ होता, नजर घारीची, हात स्थिर, आई-वडील ठणठणीत, गुडघे शाबूत. वीस वर्षं मी त्याच्यासाठी खरेदी करत होतो. तो काही आला नाही. त्याच्या जागी मी आलो, आणि मला मंगळवार-गुरुवार नातवाला शाळेतून आणायचं असतं, सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली की तासभर डोकं जड असतं आणि रात्री नऊनंतर बारीक काम दिसत नाही. त्या गृहस्थाची खरेदी विकून टाकायला मला मग फारसं जड गेलं नाही. स्वतःचे सैनिक विकतोय असं वाटलं असतं तर एकही खोका घराबाहेर गेला नसता.

जड गेला तो एकच खोका, असईचा. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातलं असई गाव, शिंदे-भोसल्यांची फौज एका बाजूला आणि आर्थर वेल्स्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, दुसऱ्या बाजूला. १९९८ साली सुट्टीत आलो असताना वडिलांना घेऊन, जीप ठरवून तिथे गेलो होतो. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातली जमीन. वेल्स्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं होतं की इथे नदीला उतार नाही. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली आणि त्याने ताडलं की इतक्या जवळ दोन गावं वसली आहेत म्हणजे मधून ये-जा असणारच. मी मोठ्या कौतुकाने हे वडिलांना सांगितलं. ते रुमालाने मान पुसत म्हणाले, "याला जनरल कशाला हवा? गुराख्याने सांगितलं असतं."

मला २००३ ला, दोनशे वर्षं पूर्ण होतील तेव्हा, ती लढाई २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांत मांडायची होती. एक सैनिक म्हणजे वीस माणसं. इंग्रजांकडचे साधारण सात हजार, म्हणजे साडेतीनशे. शिंद्यांचं, पोलमन या युरोपीय सेनानीच्या हाताखालचं कवायती पायदळ दहा हजारांच्या वर, म्हणजे पाचशेहून जास्त. इथवर ठीक. मग आलं आपलं घोडदळ. तीस हजार धरलं तरी दीड हजार स्वार, आणि प्रत्येक घोड्याला चार पाय, खोगीर, लगाम. २००३ उलटून गेलं तेव्हा माझे इंग्रजसुद्धा पुरे झाले नव्हते. त्यानंतर एकोणीस वर्षं तो खोका माळ्यावरून माझ्याकडे बघत होता.

शेवटी मी तो सगळा विकला आणि तीच लढाई सहा मिलिमीटरमध्ये केली. चार शिपायांची एक पट्टी येते, तिला अंगरख्याचा रंग, चेहऱ्याचा ठिपका, पागोट्याचा ठिपका, बंदुकीची रेघ, वर तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, की झालं. जवळून पाहिलं तर काही नाही. दोन हातांवरून पाहिलं तर फौज दिसते, आणि ती फौजेसारखी दिसते, इंचभराच्या चाळीस सैनिकांसारखी नाही. चौदा महिन्यांत संपलं. २०२३ च्या सप्टेंबरात चार फूट बाय दोन फुटांच्या फळीवर डाव मांडला. माझा खेळातला जोडीदार, चाळीस वर्षांपासूनचा मित्र, अजूनही त्याला 'तांदूळ' म्हणतो. म्हणू दे. त्याचं वॉटर्लू अजून माळ्यावर आहे.

एक गोष्ट मात्र मोठ्या आकारात ठेवली: शिंद्यांच्या सहा तोफा आणि त्यांचे गोलंदाज. (हा शब्द आता क्रिकेटने पळवलाय, पण मूळ धंदा तोफगोळ्यांचा.) इंग्रज पायदळ तोफांवरून पुढे गेलं तेव्हा मेल्यासारखे पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी मागून मारा केला. लढाई हरलेल्या बाजूची ही पाच मिनिटं मला सोडवत नाहीत. हे सहा संच मी घाई न करता रंगवतोय. चार झालेत.

आता डोळ्यांचं. हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण इथे मी चुकलो. मोतीबिंदू डोळ्यांत वाढत होता आणि मी ब्रश बारीक-बारीक करत गेलो. उलट करायला हवं होतं: ब्रश जाड, टोक चांगलं, उजेड दुप्पट, आणि डोक्याला बांधायचं भिंग. केसाएवढ्या ब्रशवरचा रंग सैनिकापर्यंत पोचायच्या आत वाळतो. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा आणि दोन्ही मनगटं एकमेकांना लावून धरा, निम्मी थरथर तिथेच जाते. शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगा की तुम्ही हातभराच्या आत बारीक काम करता. डोळ्यात बसवायचं नेहमीचं एकाच अंतराचं भिंग बहुतेक वेळा लांबचं स्वच्छ दिसावं म्हणून निवडतात. तुम्हाला काय हवं, हे न सांगता त्यांना कळणार कसं?

शस्त्रक्रियेनंतरची गंमत वेगळीच. डोळ्यातलं पिकलेलं भिंग निळा रंग खाऊन टाकतं, हे मला माहीत नव्हतं. पट्टी निघाल्यावर कपाट उघडलं तर आधीच्या दोन वर्षांत रंगवलेले माझे सगळे फ्रेंच मोरासारखे निळेजर्द. इतके दिवस मला ते मळकट वाटायचे म्हणून मी निळा वाढवत होतो, आणि क्लबात कुणी चकार शब्द काढला नव्हता. इंग्रज माणूस फार सभ्य असतो.

वडिलांच्या आजारपणाबद्दल लिहिलंत. २०१८ ला माझी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि मी पाच महिने पुण्यात होतो. जाताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पंधरा मिलिमीटरच्या बारा तुकड्या, नऊ रंगाच्या बाटल्या आणि दोन ब्रश घेतले. नियम असेही आहेत की बारा तुकड्यांत एक सैन्य होतं आणि दोन फूट चौरस जागेत तासाभरात लढाई संपते. मुंबईला विमानतळावरच्या जवानाने डबा उघडून विचारलं, "काका, देव आहेत का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो, पण रांग मोठी होती.

दुपारी आई पडून असायची आणि मी तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर डबा उघडून बसायचो. वाचन जमत नव्हतं, कारण दर दहा मिनिटांनी पाणी, उशी, बेडपॅन असं काहीतरी निघायचं. ब्रश मात्र केव्हाही खाली ठेवता येतो. एकदा तिने एक सैनिक मागितला, चष्मा लावून खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिला.

"डोळे नाही काढलेस याला?"

"इतक्या लहानाला काढत नाहीत, आई."

"मग तो बघतो कशाने?"

त्या तुकडीला मी डोळे काढले. पंधरा मिलिमीटरला हे करणं शुद्ध वेडेपणा आहे आणि सगळे भुताने झपाटल्यासारखे दिसतात. ती तुकडी विकायची नाही, असं डब्यावर लिहून ठेवलंय.

'डब्यावर लिहिण्या'वरून आठवलं. आमच्या क्लबातले एक गृहस्थ गेले. गॅरेज छतापर्यंत भरलेलं. त्यांच्या पत्नीला यातलं काय दहा पौंडांचं आणि काय हजाराचं, काहीच माहीत नव्हतं. आम्ही चौघं तीन रविवार ते उपसत होतो, आणि ती माउली दर तासाला चहा देताना विचारायची, "हेही त्यांनीच रंगवलं का?" तेव्हा घरी येऊन मी प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावली: आत काय, अंदाजे किंमत काय, आणि फोन कुणाला करायचा. हे तुम्हीही करा, त्यात अभद्र काही नाही. विकताना एवढं लक्षात ठेवा की रंगकामाची मजुरी शून्य मिळते. जुने, ऐंशीच्या दशकातले, हातही न लावलेले धातूचे सैनिक चांगल्या भावाला जातात. तुम्ही जीव ओतून रंगवलेले साध्या भावात. वाईट वाटून घेऊ नका. आणि ते जुने धातूचे म्हणजे बहुतेक शिसंच आहे, नातवंडांच्या तोंडापासून लांब ठेवा, हाताळल्यावर हात धुवा. ओकच्या कपाटातही नको. त्या लाकडातून आम्लाची वाफ निघते आणि शिशावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. माझी एक पलटण अशीच गेली.

मुलगी हे पुढे चालवेल अशी आशा असेल तर मनातल्या मनात ठेवा. माझ्या मुलीने फार प्रेमाने 'नाही' सांगितलं. नातवाला लढाईत रस नाही, पण गेल्या दिवाळीत परसात किल्ला केला त्यात त्याने दोन दिवस चिखल कालवला. अळीव पेरले, ऑक्टोबरच्या थंडीत ते उगवले नाहीत, शेवटी माझ्या टेबलावरचं नकली गवत शिंपडलं. मावळ्यांच्या जागी त्याने डायनोसॉर उभे केले. बुरुजावर टी-रेक्स शोभतो, हे मान्य करावं लागलं.

खेळण्याचं म्हणाल तर दर आठवड्याचा क्लब मी सोडला. रात्री साडेदहाला गाडी चालवत परत येणं आता नको वाटतं. नियमांच्या नव्या आवृत्त्यांमागे धावणं तर त्याआधीच सोडलं. महिन्यातून एक शनिवार, दुपारी, एक मित्र, एक डाव, मधे वरण-भात. तो वाफाळत्या वरणावर तूप मागून घेतो आणि मग फासे वाईट पडले की तुपाला दोष देतो. अधल्यामधल्या दिवसांत फळी कपाटावर तशीच मांडलेली असते. वाटलं तर एकट्यानेच दोन्ही बाजूंच्या दोन चाली खेळतो. तुम्हाला वडिलांना सोडून बाहेर पडता येत नसेल तर हे करून पाहा. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं, आठवड्यात सवय होते.

तुम्ही कुठल्या आकारात खेळता ते लिहिलं नाहीत. पंधरा मिलिमीटर असेल तर माझ्याकडे चाळीस ऑस्ट्रियन घोडेस्वार पडून आहेत, न रंगवलेले. फुकट देतो, टपालखर्च तुमचा. अर्थात आधी तो हिशोबाचा कागद करा, आणि त्यात हे चाळीस धरा.