मॅच बघायला कोल्हापूरला: वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, आम्ही चौघे मित्र चिंचवडला एकाच कारखान्यात कामाला आहोत. वर्षातून एक शनिवार-रविवार बाहेर पडतो. लोणावळा झालं, महाबळेश्वर झालं, अलिबाग झालं. प्रत्येक ठिकाणी खोलीत बसून मोबाईलवर क्रिकेट बघतो आणि परत येतो. खेळाचं वेड चौघांनाही आहे. कोल्हापूरला दोन दिवसांत कुस्ती आणि फुटबॉल दोन्ही बघून होईल का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: होईल. फक्त एक करा, आधी मॅचची तारीख बघा आणि मग रजा टाका. आपण नेमकं उलटं करतो.

मी कराडची. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. कॉलेजात माझ्याबरोबर कबड्डी खेळणाऱ्या तिघी अजून माझ्या मैत्रिणी आहेत. एक नर्स होती, एकीचं शिवणकामाचं दुकान आहे, एक शेती बघते. मी निवृत्त झाल्यापासून दर वर्षी आम्ही चौघी एकदा तरी कोल्हापूरला जातो. अंबाबाईचं दर्शन होतंच, पण जाण्याचं निमित्त फुटबॉल असतं.

तुम्ही पुण्याकडून येणार, तेव्हा शनिवारी पहाटे निघा आणि कराडला गाडी थांबवा. कराडला लागूनच गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. 1952 साली हेलसिंकीत 57 किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याआधी 1948 ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. तोवर लाल मातीत घडलेल्या या पैलवानाला तिथं मॅटवर लढावं लागलं. पुढच्या वेळी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझा आवाज बसायचा. गावात त्यांचं घर आहे, ‘ऑलिम्पिक निवास’ नावाचं. लोक राहतात तिथं, त्यामुळे बाहेरूनच हात जोडा. दारात उभं राहून फोटोंचा धडाका लावू नका.

जेवायच्या वेळेपर्यंत कोल्हापूर गाठा. तांबडा-पांढरा रस्सा रात्रीसाठी ठेवा. भरपेट जेवून उन्हात स्टेडियममध्ये बसलात तर दुसऱ्या हाफला डोळे मिटतात. आमच्या नर्सबाईंचं असंच झालं आणि मॅचमधला एकमेव गोल तिला दिसला नाही.

आता फुटबॉलचं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हे सांगितल्याशिवाय कळत नाही. इथल्या टीम म्हणजे तालमी. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार. ज्या तालमीत आजोबांनी जोर-बैठका मारल्या, तिच्याच नावाची जर्सी घालून नातू फुटबॉल खेळतो. 1940 पासूनची कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे, तिचा सीझन थंडीत सुरू होतो आणि पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. कोल्हापूरच्या पेपरांचं क्रीडा पान उघडलं की कुठल्या दिवशी कुणाची कुणाशी आहे ते कळतं. मॅच होते राजर्षी शाहू स्टेडियमवर, दुपारच्या उन्हात. पेठच्या पेठ उठून येते.

तीन वर्षांपूर्वीची एक मॅच सांगते. माझ्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते. बॉल कुठल्याही पोराच्या पायात गेला की ते नाव घेत नसत, घर सांगत. ‘हे पिठाच्या गिरणीवाल्याचं.’ ‘हे वडाच्या बोळातलं, ह्याचा चुलता लेफ्ट आउट होता.’ नव्वद मिनिटांत त्यांनी मला अर्धी पेठ ओळखीची करून दिली. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांच्या टीमला कॉर्नर मिळाला, तेव्हा आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. गोल झाला नाही. त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, ‘पोरगं चांगलं खेळलं.’ टीव्हीवर मी वर्ल्ड कपच्या फायनल बघितल्या आहेत, पण ती टोपी धरलेली बोटं मला जास्त आठवतात.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. इथं समर्थकांची भांडणं होतात, कधी दगड उडतात, मॅच थांबवावी लागते. आमच्या डोळ्यांसमोर एकदा झालं आणि मला अतिशय वाईट वाटलं. इतका जीव लावलेला खेळ त्याच लोकांच्या हातून नासला, तर नुकसान मैदानावरच्या त्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांचं होतं. तुम्ही पाहुणे आहात. कुठल्याच टीमच्या रंगाचा शर्ट घालू नका, कडेला बसा, आणि वातावरण तापलं की सरळ उठा.

मॅच सुटली की गंगावेशीत दूध कट्ट्यावर या. म्हशी तिथंच बांधलेल्या असतात, धार समोर काढतात. ग्लास हातात घेतला की काचेतून कोमट लागतं, वर दोन बोटं फेस असतो. साखर घालू नका, तसंच प्या. आमची शिवणकामवाली दुधाचं नाव काढलं की नाक मुरडते. तिनं तिथं दोन ग्लास संपवले.

रविवारी पहाटे साडेपाचला उठायची तयारी असेल तरच तालीम बघा. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या जुन्या तालमी. आधी वस्तादांना विचारा, चपला बाहेर काढा आणि मातीत पाय टाकू नका. ती माती साधी नसते. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू मुरवलेलं असतं. रोज पोरं फावड्यानं उकरून ती मऊ करतात. दारात उभं राहिलं तरी वास येतो, आंबूस आणि गोडसर. एकाच्या पाठीवर दुसरा मूठभर माती टाकतो, म्हणजे पकड घामानं निसटत नाही. एवढ्या जवळून हे बघितलं की मग मोठ्या मैदानातली कुस्ती वेगळी दिसायला लागते.

तिथून मिसळ, कट मागून घेऊन, ब्रेडबरोबर. मग खासबाग. शाहू महाराजांनी रोममधलं कलोसियम बघितलं होतं. तसं काही आपल्या पैलवानांसाठी असावं, या इच्छेतून त्यांनी हे मैदान बांधलं. 1912 ला ते पुरं झालं. मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, आणि चहूबाजूंनी उतरती बैठक, मध्ये एकही खांब नाही. मोठी कुस्ती तिथं दर आठवड्याला नसते, त्यामुळे तुमच्या वाट्याला रिकामं मैदान येण्याची शक्यता जास्त. दार उघडं असेल तर वरच्या पायरीवर जाऊन बसा. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट 2024 मध्ये ते आगीत सापडलं, त्या रात्री टीव्हीसमोर आम्ही चौघी फोनवर एकमेकींशी काही न बोलता नुसत्या बसलो होतो. एका बाजूला नाटक आणि एका बाजूला कुस्ती, मध्ये भिंत, असं गाव मी दुसरं बघितलेलं नाही.

परतीच्या वाटेवर लागेल म्हणून खासबागेची भेळ बांधून घ्या.

राहण्याचं एवढंच सांगते, की फायनलच्या आठवड्यात खोली फोनवर ठरवून गप्प बसू नका. एका लॉजवर आमची खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती. रात्री दहाला आम्ही चौघी बॅगा घेऊन रस्त्यावर. शेवटी एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो. निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा एक फोन करा.

प्रश्न: माझे वडील पैलवान होते. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी यात्रेतली मैदानं बघितली. वयात आल्यावर ते बंद झालं. आता मी बेचाळीस वर्षांची आहे, भिशीच्या पाच मैत्रिणी बरोबर यायला तयार आहेत. आम्ही बायकांनी कुस्तीच्या मैदानाला गेलेलं चालेल का? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर: बाई, चला. पत्र वाचून मी उठून उभीच राहिले.

पहिल्यांदा गेलो तेव्हा लोक वळून बघत होते, हे खरं आहे. एका गावच्या यात्रेत पाटी लावल्यासारखं आमच्याभोवती रिकामं वर्तुळ होतं. पण हलगी सुरू झाली, कैताळ वाजायला लागलं, पैलवान मांडीवर थाप मारून सलामीला आले आणि सगळ्यांच्या नजरा हौद्याकडे गेल्या. दुसऱ्या कुस्तीला आमची शेतीवाली एका पोराला ओरडून म्हणाली, ‘अरे, पट काढ!’ पुढच्या रांगेतला एक फेटेवाला वळला आणि म्हणाला, ‘बरोबर हाय मावशी.’ त्यानंतर आम्हाला बसायला जागा करून देण्यात आली.

आणि आता तर हौद्यातही मुली आहेत. 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. तुमच्या शेजारच्या गावची पोर गदा घेऊन उभी राहते आणि आपण बघायला जावं की नाही हा विचार करत बसायचं, हे मला सोसत नाही.

सोपी सुरुवात करायची तर आपल्या भागातल्या एखाद्या ओळखीच्या गावची यात्रा धरा. चैत्रापासून मैदानं सुरू होतात. कुंडलचं मैदान तर तुम्हाला जवळच. दुपारी लवकर जा, पाणी आणि टोपी घ्या, परतीचं वाहन आधी ठरवा, कारण शेवटची जोड लागेपर्यंत अंधार होतो आणि बघण्यासारखी जोड तीच असते. प्रसाधनगृहाची सोय बहुतेक ठिकाणी नसते. ओळखीच्या घरी आधी सांगून ठेवा. ही अडचण मी संयोजकांना दर वर्षी तोंडावर सांगते, तुम्हीही सांगा.

वडील आहेत का? असतील तर त्यांना घेऊन जा.

प्रश्न: मी सातवीत आहे. कुस्ती निकाली झाली म्हणजे काय? आणि पट काढणं म्हणजे काय? – सोलापूर

उत्तर: शाब्बास, विचारलंस. समोरच्याची पाठ मातीला लागली, तो चितपट झाला, की कुस्ती निकाली. मॅटवर गुण मोजतात, पण मातीतल्या मैदानात लोकांना निकालीच हवी असते. वेळ संपून बरोबरीत सोडवली की कुणाचंच समाधान होत नाही.

पट म्हणजे झटकन खाली वाकून समोरच्याचा पाय धरणं. एक पाय धरला तर एकेरी पट, दोन्ही धरले तर दुहेरी. वाकताना डोकं वर ठेवायचं, नाहीतर मान सापडते. घरी गादीवर भावाबरोबर करून बघू नकोस. जवळ तालीम असेल तर वस्तादांकडे जा.

प्रश्न: वय 71. गुडघ्यांची दोन्ही ऑपरेशनं झाली. पूर्वी आम्ही मित्र वानखेडेवर जायचो. त्यातले दोघं गेले, एक अमेरिकेत मुलाकडे आहे. आता मॅच लावली तरी एकट्याला बघवत नाही. वेळ कसा घालवू? – एक वाचक, वाशी

उत्तर: काका, तुमचं पत्र मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

माझे वडील शेवटची चार वर्षं अंथरुणावर होते. त्यांच्या उशाशी एक वही असायची, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. बाळ पंडितांची मराठी कॉमेंट्री रेडिओवर लागायची त्या काळापासून त्यांना मॅच लिहायची सवय. धावफलक उतरवायचे ते नाही, तो पेपरात येतो. ते लिहायचे, चहाला कोण आलं होतं, विकेट पडली तेव्हा कोण काय बोललं, लाईट किती वेळ गेली होती. ते गेल्यावर मी ती वही पुढे चालू ठेवली. 1 ऑगस्ट 2024 च्या पानावर माझं अक्षर वाकडंतिकडं आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकला रायफलच्या फायनलमध्ये होता. आधीच्या फेऱ्यांत तो मागं होता आणि उभ्यानं नेम धरायच्या फेरीत वर सरकत कांस्यापर्यंत आला. पानावर लिहिलंय, ‘शेजारची वहिनी पोळपाट तसाच टाकून आली. हाताला पीठ.’

तुम्ही वानखेडेच्या आठवणींपासून सुरू करा. तुम्ही चौघं कुठल्या स्टँडमध्ये बसायचात, डबा कुणाच्या घरचा असायचा, कोण आऊट झाल्यावर कोण चिडून उठून जायचा. रोज एक पान. जे दोघं गेले त्यांची नावं त्यात येऊ द्या. रडू आलं तर येऊ द्या.

अमेरिकेतल्या मित्राला पुढच्या मॅचच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा. तिकडे पहाट असेल, रात्र असेल, विचारून तर बघा, माणूस जागा राहतो. आणि सोसायटीत एखादा कॅरम बोर्ड असेलच. त्याला पावडर लावून संध्याकाळी पाचला खाली ठेवा. बसायला खुर्ची आपली आपण न्या, गुडघ्यांना बाकडं सोसत नाही. पहिल्या आठवड्यात कुणी येणार नाही कदाचित. बोर्ड उचलू नका.

मार्चमध्ये आम्ही चौघी वाशीला एका लग्नाला येणार आहोत. पत्ता कळवलात तर चहाला येऊ. वही काढून ठेवा, आम्हाला वाचून दाखवायची.