दीड वर्षाच्या मुलाचा कान पावसाळ्यापासून चार वेळा दुखला. त्याचे बोलणे मागे पडेल का? (कोल्हापूर)

बहुधा कायमचे मागे पडणार नाही. मात्र कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहिले असेल तोवर त्याला कमी ऐकू येते आणि त्या काळात बोलणे रेंगाळू शकते. मी कोल्हापुरात श्रवणतपासणीचेच काम करतो. लहान मुलांची घशातून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असल्यामुळे सर्दी लगेच कानापर्यंत पोहोचते, आणि दुखणे व ताप गेल्यावरही ते पाणी काही आठवडे, कधी तीन महिनेसुद्धा टिकते. अशा वेळी ऐकणे साधारण २० ते ३० डेसिबलने घटते, म्हणजे कानांत बोटे घालून ऐकल्यासारखे. हाक ऐकू येते, पण ‘ताट’, ‘पाट’ आणि ‘काठ’ यांतला फरक पुसट होतो, त्यामुळे घरच्यांना मूल केवळ दुर्लक्ष करते आहे असे वाटते. (कोमट तेल घालू नये; पाणी पडद्याच्या आत असते, तेल बाहेरच राहते.) पाणी तीन महिन्यांहून अधिक टिकले, तर टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का हे पाहणारी तपासणी) आणि श्रवणतपासणी करून घ्यावी; कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. तोवर समोर बसून, चेहरा दिसेल असे, जवळून बोलावे. अपवाद एवढाच की तोंडातली टाळू दुभंगलेली असेल, डाऊन सिंड्रोम असेल किंवा बोलणे आधीपासूनच मागे असेल, तर तीन महिने थांबू नये.