माश्या किती हे नाही, कोणत्या ते बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाव आणि तालुक्याचं ठिकाण यांच्या मधोमध पंचवीसेक एकर झुडपी जंगल उरलं आहे. समितीनं लोक जैवविविधता नोंदवही नव्यानं लिहायला घेतली आहे आणि यंदा त्या जंगलात हिरव्या-निळ्या चकचकीत माश्या फार झाल्यात. एक सदस्य म्हणतात, माश्या वाढल्या म्हणजे जंगल नासलं. दुसरे म्हणतात, माश्या काय नोंदवहीत लिहायच्या, झाडं-पाखरं लिहा. या माश्यांवरून जंगलाची तब्येत कळते का, हे तुम्हाला हवंय.

कळते. पण नुसत्या संख्येवरून नाही, आणि एकट्या त्या तुकड्यात बघून तर नाहीच.

आधी संख्येचं. ही माशी अंडी घालते ती मेलेल्या जनावरावर, सडक्या मांसावर, काही जाती माणसाच्या विष्ठेवरही. म्हणजे माश्यांचा लोंढा दिसला की त्याचा पहिला अर्थ एवढाच, की जवळपास कुठेतरी खायला भरपूर पडलंय. आपल्याकडे हे कुठून येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. चिकनवाले रात्री पिसं-आतडी पोत्यात भरून गावाबाहेर टाकतात, पोल्ट्रीतली मेलेली पाखरं तिथेच, आणि मेलेलं ढोर ओढून नेतात तेही बहुतेक झुडपीच्या काठालाच. पूर्वी ढोर टाकलं की गिधाडं उतरायची आणि बघता बघता सांगाडा उरायचा. ढोरांना दुखण्यावर द्यायचे त्या डायक्लोफिनॅक औषधानं गिधाडं गेली. जनावरांसाठी त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता तेच ढोर कुत्रे आणि अळ्या मिळून कितीतरी दिवस संपवतात. हवा गरम असली तर अंड्यातून अळी एका दिवसात बाहेर येते आणि दहा-बारा दिवसांत नवी माशी उडते. तेव्हा तुमच्या पहिल्या सदस्यांना सांगा, माश्या वाढल्या यात दोष आधी गावाच्या कचऱ्याचा आहे, जंगलाचा नंतर.

उलट बाजूही आहे. कपाशीवर फवारणी जोरात सुरू असताना मोजायला गेलात आणि माश्या कमी मिळाल्या, तर जंगल स्वच्छ आहे असं लिहून मोकळे होऊ नका. नवतपातही तेच. पारा पंचेचाळीसला टेकला की माशी दुपारी सावली धरून बसते, सापळ्याकडे फिरकत नाही.

खरी माहिती मिळते ती कोणती जात कुठे किती, यातून. काही जातींना माणसाचा शेजार मानवतो. ऊन, उघडी जागा, उकिरडा, गोदरी, मटणाचं दुकान, सगळं चालतं. काहींना दाट सावली, ओल आणि शांतता लागते. जंगल विरळ झालं की त्या आधी जातात. फिनलंडच्या नुओर्टेव्हा या कीटकशास्त्रज्ञानं 1963 मध्ये हे मोजायचं एक साधं गणित दिलं, ते आजही जगभर वापरतात. शहर, गाव-शेती आणि माणसाची वस्ती नसलेलं जंगल, अशा तीन जागी सारखेच सापळे लावायचे. एका जातीच्या एकूण माश्यांपैकी प्रत्येक जागी किती टक्के मिळाल्या ते काढायचं. शहराचे टक्के दुप्पट करा, त्यात गावाचे मिळवा, जंगलाचे दुप्पट करून वजा करा, आलेल्या आकड्याला दोननं भागा. समजा एका जातीच्या शंभरपैकी 60 तालुक्याच्या बाजारात, 30 गावात आणि 10 जंगलात मिळाल्या, तर 120 अधिक 30 वजा 20, म्हणजे 130, निम्मे 65. दुसऱ्या एखाद्या जातीच्या 5, 15 आणि 80 असतील तर उत्तर येतं उणे 67.5. अधिक 100 म्हणजे पक्की शहरी, उणे 100 म्हणजे माणसाचं तोंडही न बघणारी. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. आठवीची मुलं सुद्धा हे गणित करतील, त्यांच्याकडूनच करवून घ्या.

आता एक सावधगिरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही गुगल केलंत तर शहरी जंगलांतल्या माश्यांवरचं बरंचसं काम ब्राझीलचं दिसेल. तिथल्या चांगल्या राखलेल्या जंगलात मेसेम्ब्रिनेला नावाच्या गटातल्या माश्या असतात. त्या एका वेळी एकच अळी पोटात वाढवतात, म्हणून एकदा संख्या घटली की पुन्हा भरून यायला वेळ लागतो. जंगल तुटलं की त्या दिसेनाशा होतात आणि त्यांच्या जागी क्रायसोमाया मेगासेफालासारख्या जाती वाढतात, ज्यांची मादी एका खेपेला दोनशे-तीनशे अंडी घालते. त्यावरून तिथले अभ्यासक म्हणतात: मेसेम्ब्रिनेला दिसली तर जंगल ठीक, क्रायसोमाया माजली तर बिघडलं.

पण क्रायसोमाया तिथे उपरी आहे. 1970 च्या दशकात ती ब्राझीलला पोचली. आपल्याकडे ती घरचीच. आशियात ती पूर्वीपासून आहे, त्यामुळे आपल्या जंगलातही ती थोडीफार सापडणारच. ब्राझीलचा निकष उचलून तुम्ही लिहिलंत की ‘क्रायसोमाया मिळाली, सबब जंगल खराब’, तर अख्ख्या विदर्भातलं एकही जंगल पास होणार नाही. आणि मेसेम्ब्रिनेला तर आपल्याकडे नसतेच, तिची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. आपली मोजपट्टी आपल्यालाच तयार करावी लागते. त्यासाठी तुमच्या तुकड्याइतकंच महत्त्व तुलनेच्या जागेला आहे. तालुक्याचा आठवडी बाजार एक, गावाचा उकिरडा दोन, झुडपीचा मधला भाग तीन आणि जमलं तर वनविभागाच्या परवानगीनं एखादं मोठं, सलग सागवानी रान चार. चारही ठिकाणी एकाच आठवड्यात, तेवढेच सापळे, तेवढाच वेळ. हे पाळलं नाही तर वरचं गणित फुकट.

चौथी जागा कशासाठी, तर तुमचा तुकडा लहान आहे. 25 एकर म्हणजे साधारण 10 हेक्टर. अगदी चौकोनी धरला तरी बाजू 316 मीटर. चारही बाजूंनी शंभर मीटर आतपर्यंत शेताचं ऊन-वारं पोचतं असं समजा, तर मधे 116 मीटरचा चौकोन उरतो, सव्वातीन एकरांच्या आसपास. तेवढंच काय ते आतलं जंगल, बाकी सगळा काठ. तुकडा लांबट पट्ट्यासारखा असेल तर तेवढंही नाही. त्यात ही माशी दमदार उडणारी, काही किलोमीटर सहज जाते. म्हणून मधल्या सापळ्यात बाजारातली माशी सापडली एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. काठापासून मध्यापर्यंत जाताना तिचं प्रमाण घटतं का, हे बघायचं. घटत असेल तर झाडोरा अजून काम करतोय. काठाला आणि मध्याला सारखंच आलं, तर माशीच्या लेखी तो तुकडा आणि गावठाण यांत फरक उरलेला नाही.

सापळा घरी होतो. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या घ्या. खालचीला बाहेरून काळा रंग द्या आणि बुडापासून चार बोटं वर माशी शिरेल एवढी भोकं पाडा. वरचा भाग कापून पालथ्या नरसाळ्यासारखा, अरुंद तोंड वर राहील असा बसवा आणि त्यावर दुसरी पारदर्शक बाटली पालथी घाला. माशी वासानं काळ्या बाटलीत शिरते, निघताना उजेडाकडे वर जाते आणि अडकते. आमिष कोंबडीची कलेजी, एक दिवस उन्हात ठेवलेली. छातीच्या उंचीवर तारेनं टांगा आणि तारेला वंगण फासा, नाहीतर मुंग्या रात्रीतून सगळं साफ करतील आणि तुमच्या हाती नुसते पंख येतील. दोन दिवसांनी काढा. शाळेच्या खिचडीच्या शेडपासून लांब लावा, हातमोजे घाला. जागा वनविभागाच्या ताब्यात असेल तर आधी लेखी विचारा. झुडपी आहे, कोण विचारतो, असं म्हणू नका. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच मानलं आहे. हंगाम म्हणाल तर पावसाळा सरताना एकदा आणि फेब्रुवारीत एकदा.

ओळख पटवणं हे खरं किचकट काम. दहापट भिंग लागेल. क्रायसोमाया मेगासेफाला अंगानं मोठी, निळसर-हिरवी, आणि डोळ्यांखालचा गालाचा भाग चक्क नारिंगी. तिचा नर हाती लागला तर भिंगाखाली जरूर बघा. डोळ्याच्या वरच्या भागातली भिंगं मोठी, खालच्या भागातली बारीक आणि मधे आखून काढल्यासारखी रेघ. एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही. क्रायसोमाया रुफिफेसिस तिच्याहून लहान, गाल फिके. तिची अळी मात्र लांबूनही कळते, अंगभर मांसल काटे असतात आणि ती दुसऱ्या माश्यांच्या अळ्याही खाते. या जातीची एक गंमत, एका मादीला सगळे मुलगेच होतात किंवा सगळ्या मुलीच. तांब्या-पितळेची झाक असलेली हिरवी ल्युसिलिया क्युप्रिना, हिच्यावर वस्तीच्या बाजूला विशेष लक्ष ठेवा. हेमिपायरेलिया दिसायला अगदी तिच्यासारखी, तिथे फोटोवरून निर्णय देऊ नका. शंका असेल तर ‘ल्युसिलियासारखी’ एवढंच लिहा. खोट्या खात्रीनं लिहिलेलं नाव पुढच्या माणसाला गोत्यात आणतं.

जनावराच्या जिवंत जखमेत पडतात ते किडे वेगळ्या जातीचे असू शकतात. सीताफळाचा पाला वाटून आपण ज्यावर लावतो, त्यात क्रायसोमाया बेझियाना असते. ती जिवंत मांसावरच वाढते, त्यामुळे ती कलेजीच्या सापळ्याच्या हिशोबात धरू नका.

तुमच्या दुसऱ्या सदस्यांना, म्हणजे पाखरंवाल्यांना, एक सांगा. माशी मेलेल्या प्राण्यावर आणि विष्ठेवर बसते, तेव्हा त्या प्राण्याचा डीएनए तिच्या पोटात जातो. 2013 मध्ये आयव्हरी कोस्ट आणि मादागास्करच्या जंगलांत माश्या पकडून, त्यांच्या पोटातल्या डीएनएवरून कोणते सस्तन प्राणी तिथे राहतात ते शोधून काढलं गेलं. ते प्रयोगशाळेचं काम आहे, तुमच्या समितीच्या आवाक्यातलं नाही, पण माशी नोंदवहीत का हवी याला एवढं उत्तर पुरे. आणि हीच मेगासेफाला आंब्याच्या मोहोरावर परागीभवन करते. तैवानातले आंबेवाले तिला मुद्दाम पाळतात. गावात कुणी ‘औषध मारून सगळ्या संपवा’ म्हणालं तर हे कानावर घाला.

नोंदवहीत रकाने असे ठेवा: तारीख, जागा, काठापासून किती मीटर आत, डोक्यावर सावली दाट की विरळ, शेजारी मेलेलं जनावर किंवा चिकनचा कचरा आहे का आणि किती लांब, आठवड्यात फवारणी झाली का, मग जात आणि संख्या. कचऱ्याचा रकाना चुकवू नका, अर्धी उत्तरं त्यातच निघतील. पहिल्या वर्षी निष्कर्ष लिहू नका, नुसत्या नोंदी ठेवा. फोटो इथे टाकलेत तर मी बघेन, पण वरून काढलेला नको. बाजूनं, गालाचा रंग दिसेल असा काढा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा.