सोलापुरात शाळेच्या कंपाउंडवर नदी आणि जलक्रीडेचं मोठं चित्र काढायचंय. भिंत 60 फूट लांब, 12 फूट उंच, पश्चिमेला तोंड. उन्हात टिकेल का, कोणता रंग घेऊ?

पश्चिमेला तोंड, म्हणजे दुपारनंतरचं सगळं ऊन तुमच्याच भिंतीला. तरी टिकेल. पण रंगाच्या आधी भिंतीवर हात फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेला क्षार. त्यावर कितीही भारी रंग मारा, फुगणारच. कंपाउंडला मागून माती टेकलेली असते, तिची ओल आधी थांबवा. मी एकदा 'टिकाऊ' म्हणून ऑइलपेंट वापरला होता. ओलीला बाहेर पडायला वाटच मिळाली नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर चिलापी माशाच्या खवल्यांसारखे पोपडे निघाले. बाहेरच्या कामाचं ॲक्रिलिक इमल्शन घ्या. 720 चौरस फुटांना दोन हात मारायला 12 ते 15 लिटर धरून चला. घासणं, धुणं, वाळवणं आणि प्राइमर यातलं काही टाळू नका. प्लास्टर नवं असेल तर महिनाभर थांबा.

आता पाण्याचा रंग. पोरं निळा डबा उघडूनच बसलेली असतील. भीमा निळी कोणी पाहिलीय? पावसाळ्यात ती गढूळ चहासारखी असते, आणि थंडीत तिच्यावरच्या उजनी धरणाचं पाणी हिरवं दिसतं. सोलापूर काही नदीकाठचं शहर नाही, सीना नदीसुद्धा बाहेरून जाते. नळाला येणारं उजनीचं पाणी, एवढीच आपली ओळख. म्हणून ब्रश धरण्याआधी मुलांना एकदा पंढरपूरला न्या. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या होड्या, पुंडलिकाचं देऊळ, कपडे वाळत घालणाऱ्या बाया बघू द्या. जमलं तर पुढे उजनीच्या फुगवट्यावरही जा. थंडीत रोहित पक्षी येतात, आणि धरण उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं. ते देऊळ अर्धं पाण्याखाली दाखवलंत, तर 60 फुटांत त्याच्यासमोरच लोक सर्वांत जास्त थांबतील.

मातीचे रंग घेण्यात आणखी एक फायदा. गेरू, पिवळी माती, लाल ऑक्साइड हे उन्हाला दाद देत नाहीत. निळाही चांगला टिकतो. उडतात ते भडक गुलाबी, लिंबू पिवळा आणि नारिंगी. गंमत अशी की लाइफ जॅकेट नेमकं नारिंगीच असतं! म्हणून जॅकेटवाली माणसं हाताला लागतील एवढ्या उंचीवर काढा, म्हणजे दरवर्षी परांची न बांधता पुन्हा हात मारता येईल. जॅकेट मात्र सगळ्यांना घाला, होडीतल्या म्हातारीलाही. मे 2024 मध्ये उजनीत कुगाव-कळाशीजवळ बोट उलटून सहा जण गेले, ते इथे कोणी विसरलेलं नाही.

खेळाच्या चित्रात एक चूक हमखास होते. मीही केली होती, आणि ती दाखवून दिली रोइंग करणाऱ्या एका पोराने. रोइंगमध्ये माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो. मी तोंड पुढे काढलं होतं, म्हणजे माझी नाव उलटी चाललेली. कयाकमध्ये तोंड पुढे आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं, कनूच्या वल्ह्याला एकच. चेहरा हवाच असेल तर दत्तू भोकनळचा काढा. चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी गावचा हा माणूस 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरला होता. पाणी नसलेल्या गावच्या पोरांना यापेक्षा वेगळं काय सांगायचं?

चित्र आधी कागदावर काढा, 1 इंचाला 1 फूट. मग सुताला कोरडा गेरू लावून भिंतीवर फुटाफुटाच्या चौकटी मारा. प्रोजेक्टरच्या नादी लागू नका, 60 फुटांवर तो वाकडा पडतो.

दिवाळीनंतर सुरू करा आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेआधी संपवा. उन्हाळ्यात तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच वाळतो, एकेक फटकारा वेगळा दिसतो. थंडीतही सकाळी ऊन यायच्या आत उरका.

आणि खालचे दोन फूट? तिथे मासे-कासवं काढू नका. गडद लाल-तपकिरी चिखलाचा काठ ठेवा. रस्त्याची भिंत आहे, मावा थुंकणारा थुंकणारच. निदान रंग तरी जुळेल.