चूक त्या चार इंचांत आहे

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की हंड्याला आतून पांढरं पुट चढतं. म्हणून उन्हानं पाण्याची वाफ करून शुद्ध पाणी मिळवायला मुलानं आणि मी गच्चीवर १ मीटर लांब-रुंद पेटी केली, वर काच बसवली. आत चार इंच पाणी भरतो. दिवसभरात पाणी चांगलं तापतं, पण शुद्ध पाणी जेमतेम सव्वा लिटर मिळतं. कुठं चुकतंय?
– एक वाचक, ता. औसा

उत्तर : दादा, पेटी चांगली आहे, पाणी फार आहे. चार इंच म्हणजे १०० लिटर. ते ३० अंशांनी तापवायलाच साडेतीन युनिट (विजेच्या बिलातलं तेच युनिट) उष्णता लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात एवढ्या जागेवर दिवसाला साधारण ६ युनिट ऊन पडतं. निम्म्याहून जास्त ऊन पाणी कोमट करण्यातच गेलं! १ लिटरची वाफ करायला पाऊण युनिटाला थोडी कमी उष्णता पुरते. सगळं ऊन कारणी लागलं असतं तर ९ लिटर निघाले असते. साध्या पेटीतून ३-४ लिटर निघाले तरी उत्तम समजा.

वाफ वरच्या थरातूनच होते, तर तापवायचाही तोच. पाण्यावर तरंगणाऱ्या थर्माकोलच्या तुकड्याला भोकं पाडा, वर पक्क्या रंगाचं काळं सुती कापड ताणून बसवा आणि त्याची टोकं भोकांतून पाण्यात सोडा. दिव्याच्या वातीसारखं पाणी वर चढतं, ऊन कापडावरच राहतं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ग्राफाइटचा तरंगता थर वापरून हेच केलं होतं. पेटीला आतून ऑइलपेंट मात्र लावू नका, वास पाण्यात उतरतो.

२०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात मी शाळेच्या गच्चीवर मुलांना घेऊन अशीच पेटी केली होती. अकराच्या सुमाराला काचेवर आतून धुकं धरायचं, त्याचे टपोरे थेंब व्हायचे आणि परत पेटीतच टपकायचे. काच जवळजवळ आडवी होती. दक्षिणेकडे २० अंशांचा उतार दिला, तेव्हा कुठं थेंब घरंगळत पन्हळीत आले. तुमच्या काचेचा उतार आधी बघा. फटीतून वाफ निसटत असेल तर त्याही बुजवा.

क्षार आणि फ्लोराइड खाली राहतात, कापडावरही साचतात. कापड दर चार दिवसांनी धुवा. तळाचं खारट पाणी झाडांना घालू नका.