घड्याळाआधी बॅटरी घे, भाऊ

घरी वारंवारता नेमकी मोजायला जुने रुबिडियम घड्याळ (रुबिडियमच्या अणूंवर चालणारे) घेऊ का, असे तू विचारलेस. त्याची घाई नको. जुन्या मालात आतला दिवा किती दिवसांचा सोबती आहे, हे विकणाराही सांगत नाही. जीपीएस उपग्रहांच्या वेळेशी जुळवून ठेवलेला १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे सेकंदाला एक कोटी ठोके देणारे यंत्र, घे. त्यातला ठोके देणारा क्वार्ट्झचा स्फटिक छोट्या भट्टीत गरम ठेवलेला असतो. लाइन गेली की भट्टी थंड, आणि परत स्थिर व्हायला तासन्‌तास. आपल्याकडे लाइनचा काही नेम आहे का? म्हणून आधी बॅटरी.

जीपीएसची अँटेना टिनाच्या वर, मोकळ्या आभाळाखाली. माझी केबल माकडांनी दोनदा तोडली. आता ती पाइपातून नेली आहे.

ऑसिलेटर कूलरच्या झोतात ठेवू नको. मे महिन्यात माझा कूलर चालू-बंद झाला की काउंटरवरचे (ठोके मोजणाऱ्या यंत्रावरचे) शेवटचे आकडे हलायचे. मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला, तेव्हा शांत झाले.

साधा काउंटर १ सेकंदात १ हर्ट्झपर्यंतच (सेकंदाला एक ठोका) सांगतो, म्हणजे १० मेगाहर्ट्झ मोजताना कोटीत एक भाग. १०० सेकंद मोजू दे, अब्जात एक कळेल. आणि ज्या ऑसिलेटरवर काउंटर चालतो, तोच मोजत बसू नको. तो स्वतःशीच ताडला जातो, म्हणून आकडा अगदी नेमका येतो, मीही आठवडाभर खूश होतो!